ऊलाँग चहा हे वजन घटवायचे औषध नव्हे

आज संध्याकाळी एका मोठ्या दुकानात चहाच्या फळीसमोर उभी असताना जे पाहिले, त्याने डोके अजून तापलेले आहे, म्हणूनच हे लिहायला बसले. काळ्या-सोनेरी डब्यावर ठळक अक्षरांत ‘ऊलाँग’ (हिरवा आणि काळा यांच्या मधला, अर्धवट आंबवलेला चिनी चहा), त्याखाली कंबरेभोवती गुंडाळलेल्या टेपचे चित्र, आणि मागच्या बाजूला, भिंग लावल्याशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, घटकांच्या यादीत ‘कृत्रिम सुवास’. शेजारी एक तरुण विक्रेता मोठ्या मगात दोरीची पिशवी बुडवून, ती तशीच पाण्यात सोडून, वरून मध घालून आणि लिंबू पिळून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चव देत होता. “रोज दोन कप घ्या मॅडम, महिन्याभरात फरक दिसेल.” त्या मुलाला मी बोल लावणार नाही, त्याला शिकवले तेच तो बोलत होता. ज्यांनी तो डबा भरला आणि वर ते नाव छापले, त्यांचा मात्र मला मनापासून राग आला आहे.

हा राग का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी चीनच्या फुजियान प्रांतात, शियामेन शहराजवळच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीसाठी गेले होते. त्या भागात कचेरी असो की दुकान, चहाचे मेज असतेच, आणि पाहुण्याला चहा दिल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू होत नाही. तिथे हिशेब पाहणाऱ्या बाई मूळच्या आन्शीच्या होत्या. आन्शी हा तिथून जवळचाच डोंगराळ तालुका, तिएग्वानयिन या फुलांच्या वासाच्या ऊलाँगचे माहेर. बाईंनी हवा काढून बंद केलेले सात ग्रॅमचे छोटे पाकीट फोडले आणि गडद हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या चिनी मातीच्या झाकणवाटीत टाकल्या, तेव्हा खडे पडावेत तसा खणखणीत आवाज झाला. उकळते पाणी घालून पहिले पाणी लगेच ओतून टाकले, आणि वाटीचे झाकण उचलून ते माझ्या नाकासमोर धरले.

आमच्या जुन्या घराच्या अंगणात अनंताचे झाड होते. पावसाळ्यात सकाळी दार उघडले की जो वास यायचा, तो त्या झाकणाखाली होता. मी फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने विचारले, यात कोणती फुले घातली आहेत? बाईंनी उत्तर दिले नाही, फक्त हाताने थांबायची खूण केली आणि दुसरे पाणी घातले.

त्या झाकणाचा वास आठवत मी आज त्या फळीसमोर उभी होते आणि समोर ‘कृत्रिम सुवास’ लिहिलेले होते. ज्या चहात मुळातच बाहेरून काही घालायची गरज नाही, त्यातच बाटलीतला वास ओतायचा! हलक्या प्रतीचे पान लपवण्यासाठी याहून स्वस्त उपाय सापडला नसावा.

हा वास येतो कुठून, हे एकदा समजून घ्यावे. सकाळचे दव सुकल्यावर पाने खुडतात, आणि तीही नुसती कोवळी कळी खुडत नाहीत, तर उघडलेली, थोडी जून झालेली तीन-चार पाने देठासकट घेतात. आधी उन्हात, मग सावलीत सुकवून ती बांबूच्या मोठ्या ढोलात फिरवतात. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात, मग पाने पसरून त्यांना विसावा देतात, पुन्हा ढोल, पुन्हा विसावा, असे रात्र सरेपर्यंत चालते. खुडलेले पान लगेच मरत नसते. सुकताना आणि दुखावताना ते आतल्या आत जी धडपड करते, त्यातून लिनालूल, नेरोलिडॉल, जॅस्मिन लॅक्टोन, इंडोल अशी सुवासिक द्रव्ये तयार होतात, आणि यातले इंडोल तर आपल्या मोगऱ्याच्या फुलातही असते. कुठे थांबायचे, हे कारागीर पानांचा वास घेऊन ठरवतो, कारण दमट रात्रीचे गणित कोरड्या रात्रीला लागू पडत नाही. मग भरपूर उष्णतेवर पाने परतून ती क्रिया थांबवायची, फडक्यात घट्ट बांधून दाबायची, सोडायची, पुन्हा बांधायची, असे अनेकदा करून गोळ्या वळायच्या आणि शेवटी वाळवायच्या. आता बांधण्या-दाबण्याला यंत्रे आली आहेत, पण मध्यरात्री पानात नाक खुपसून निर्णय घेणारा माणूसच लागतो. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आन्शीचे हे कौशल्यही आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आन्शीच्या चहाशेतीला कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आणि आपल्याकडे त्याच्या नावाखाली कंबर मोजायची टेप!

वजनाबद्दल कोणी शास्त्र सांगायला येईल, म्हणून आधीच म्हणते: चहात शरीराला उपकारक द्रव्ये असतीलही. पण त्या बाईंनी संपूर्ण दुपारभर चहा पाजताना आरोग्याचा विषय एकदाही काढला नाही. पहिल्या घोटानंतर त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवले आणि वाट पाहायला लावली. किंचित तुरटपणा ओसरला आणि गळ्याशी मागाहून गोडवा आला, तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळले आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. कुणाला काही खाऊपिऊ घालताना आपली आई-आजी अशीच चेहरा वाचत नव्हती का? अन्नाकडे केवळ औषध म्हणून पाहायची सवय आपल्याला कधी लागली, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कचेरीतल्या फडताळावर ग्वानयिनची एक छोटी पांढरी मूर्ती होती. याच देवतेवरून या चहाला नाव पडले. आन्शीतल्या शिपिंग गावाकडे दोन कथा सांगतात. एकीत वेइ यिन नावाचा शेतकरी रोज ग्वानयिनला चहा वाहत असे आणि त्याला स्वप्नात हे झुडूप दिसले. दुसरीत वांग शिरांग नावाच्या विद्वानाला ते खडकापाशी सापडले आणि त्याचा चहा छ्येनलुंग सम्राटापर्यंत पोहोचला. दोन्ही कथा अठराव्या शतकातल्या. मूर्ती पाहून मी फोनमधले अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे छायाचित्र काढून दाखवले, कारण ग्वानयिन म्हणजे मुळात अवलोकितेश्वर बोधिसत्त्वच, आणि पद्मपाणी हे त्याचेच रूप. बाईंनी ते चित्र मोठे करून बराच वेळ पाहिले, शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावून दाखवले, आणि त्यानंतर माझा कप काही रिकामा राहू दिला नाही. हे लिहिताना माझा राग जरा निवळला, हे खरे आहे.

आपला दुधाचा चहा वाईट असे मी म्हणत नाही, आले ठेचून घातलेला मीही रोज सकाळी पिते. पण तो चुरा आधणात उकळून दूध-साखर पेलण्यासाठीच बनवलेला असतो. या पानात दूध घातले, तर ज्या वासासाठी कुणी रात्र जागवली तो वासच हरवतो. मध-लिंबानेही तेच होते. तासभर बुडवून ठेवलेल्या पिशवीबद्दल तर बोलायलाच नको.

करायची रीत अवघड नाही. झाकणवाटी नसेल तर शंभर-एक मिलिलिटरचा चिनी मातीचा कप आणि त्यावर झाकायला बशी पुरे. कप आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, पाच ते सात ग्रॅम पान घालावे, आणि ‘ग्रीन टीला पाणी कोमट हवे’ हा सल्ला इथे विसरून आधण आलेलेच पाणी ओतावे, कारण घट्ट वळलेली गोळी कमी तापमानाला लवकर उलगडत नाही. पहिले पाणी लगेच फेकावे. दुसरे पंधरा-वीस सेकंदांत पूर्ण ओतून घ्यावे, थेंबही मागे ठेवू नये, नाहीतर पुढचा कप कडवट होतो. नंतर दर वेळी थोडा थोडा वेळ वाढवत जावे. बोअरचे जड पाणी वापरू नये, वास दबतो. हा चहा महाग पडतो हे मान्य, पण एकाच पानावर सहा-सात वेळा पाणी घालता येते, हेही हिशेबात धरावे.

त्या दुपारी शेवटचे पाणी झाल्यावर बाईंनी चोथा पांढऱ्या ताटलीतल्या पाण्यात उलटला. एक पान नखाने अलगद उलगडून सपाट केले: जाड, चामड्यासारखे तुकतुकीत, मधोमध हिरवे, कडेला फाटलेली तांबूस रेघ. मग दुसरे, मग तिसरे. सगळी ताटली पानांनी भरली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. फूल, पाकळी, काहीही नव्हते. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले होते. डबा घेणाऱ्या प्रत्येकाने घरी हेच करून पाहावे. पान अख्खे निघाले तर ठीक, भुगा निघाला तर पैसे परत मागावेत.

विकत घेताना एवढे विचारावे की चहा हलक्या भाजणीचा आहे की जास्त भाजलेला. फुलांचा वास हवा असेल तर हलका. जुन्या चहाबाजांना तो पातळ वाटतो आणि रिकाम्या पोटी बाधतो अशी त्यांची तक्रार असते, ती खोटी नाही, म्हणून जेवणानंतर घ्यावा. वसंतातल्या तोडीला अंग, म्हणजे घोटाचा भरीवपणा जास्त, शरदातल्या तोडीला वास जास्त. हलका चहा हवाबंद पाकिटात, मसाल्यांपासून दूर, फ्रीजमध्ये ठेवावा आणि उगाच साठवू नये. पुण्यात असलेल्यांपैकी ज्यांना विकत घेण्याआधी चव पाहायची आहे, त्यांनी मला निरोप पाठवावा. शरदातल्या तोडीची थोडी पाकिटे घरात आहेत आणि ती उन्हाळ्याच्या आत संपलेली बरी.