ली व्हॅन क्लीफ रस्त्यावर सापडला नव्हता

काल रात्री बाबांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'बिचारा!' मजकूर हॉलिवूडचा नट ली व्हॅन क्लीफबद्दल, असा: तो अनोळखी रंगारी, इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने त्याला रस्त्यावरून उचललं, क्लोजअप भेदक दिसावा म्हणून त्याच्या बोटाचं टोक छाटलं, आणि इटलीत तो जन्मभर खलनायकच राहिला. ज्या बाबांनी मला त्याचे वेस्टर्न, म्हणजे काउबॉय-पिस्तुलांचे सिनेमे दाखवले, त्यांनीच हे खरं मानावं?

आधी बोटाचं, कारण ते वाचून संताप आला. लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटच्या द्वंद्वात त्याचा उजवा हात पिस्तुलाकडे सरकतो, तेव्हा मधल्या बोटाचं टोक नाही हे स्पष्ट दिसतं. ते गेलं लेकीसाठी खेळघर बांधताना. बापाच्या हाताला झालेली ती इजा चक्क दिग्दर्शकाच्या क्रौर्याची गोष्ट म्हणून खपवायची, आणि लोकांनी हळहळत ती पुढे पाठवायची!

अनोळखी? १९५२च्या 'हाय नून'च्या सुरुवातीला खडकावर बसून सिगरेट ओढणारा माणूस तोच. अख्ख्या सिनेमात त्याला एकही संवाद नाही, तरी चेहरा विसरता येत नाही. १९५८च्या मोटार अपघातात गुडघा गेला, पुढे कामं आटली, तो चित्रं काढू लागला. एवढं खरं, मान्य. पण लिओनेचे चरित्रकार ख्रिस्तोफर फ्रेलिंग सांगतात, की जुन्या वेस्टर्नमधला तो चेहरा लिओनेच्या डोक्यात होता आणि त्याला गाठायला लिओने अमेरिकेला गेला. कुणी रस्त्यावरच्या माणसासाठी समुद्र ओलांडत नाही.

खलनायकाचं तर बोलायलाच नको. 'द बिग गनडाउन'मध्ये तो कायद्याच्या बाजूचा, 'साबाता'त सरळ नायक. आणि त्याआधी, १९६५च्या लिओनेच्याच 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला त्याचा कर्नल मॉर्टिमर! बहिणीच्या मृत्यूचा हिशेब चुकता झाल्यावर जोडीदार क्लिंट ईस्टवुड त्याला गुन्हेगारांवरच्या बक्षिसातला वाटा विचारतो. मॉर्टिमर एक पैसा घेत नाही. बहिणीचा फोटो असलेलं घड्याळ तेवढं घेतो आणि निघतो. बाबा, त्या अपघातानंतर व्हॅन क्लीफला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घोड्यावर बसणं विसरा. तो शेवट पुन्हा बघा, तो घोड्यावरूनच जातो.