आरएनएच्या नावाखाली सुपारीला माफी

दादर-परळच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे: काही कर्करोगांना कारणीभूत ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूशी (एचपीव्ही) संबंध नसलेला तोंडाचा कर्करोग पेशीतल्या ‘निरुपयोगी’ आरएनएमुळे (जनुकांवरून उतरवल्या जाणाऱ्या प्रतींमुळे) होतो, तंबाखू-सुपारीचा त्यात दोष नाही, रक्ताच्या एका चाचणीत तो कळतो आणि त्यावर आरएनएचे औषधही मिळते. चार विधानांत आरएनएचा संबंध तेवढा खरा आहे.

‘निरुपयोगी’ हे विशेषण आधी काढून टाकू. प्रथिने न बनवणाऱ्या आरएनएपैकी मायक्रोआरएनए सुमारे २२ अक्षरांचे, म्हणजे रासायनिक घटकांचे, असतात आणि प्रथिनाचा आराखडा वाहणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिनाची निर्मिती रोखतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकून यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

खरा घोटाळा कारणाविषयी आहे. तोंडाच्या कर्करोगात मायक्रोआरएनए-२१ वाढलेला आढळतो आणि तो पेशींच्या वाढीला आवर घालणारे पीटेन हे प्रथिन दडपतो, हे मान्य. पण मुळात पेशीचे तंत्र बिघडले कशाने, हा प्रश्न मजकूर विचारतच नाही. विषाणूजन्य गाठीत विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ या राखणदार प्रथिनाचा नाश करते. विषाणू नसलेल्या गाठीत बहुधा पी५३चे जनुकच बिघडलेले असते, आणि तंबाखूतील रसायने जनुकांत असेच बिघाड घडवतात. पेशीत मायक्रोआरएनए-३४ची पातळी पी५३च वाढवतो, त्यामुळे पी५३ निकामी झाला की गाठीला रोखणारा हा आरएनएही घटतो. म्हणजे इथे आरएनएचा बिघाड तंबाखूच्या मागोमाग येतो, तिच्याऐवजी नव्हे. ‘मी नुसती सुपारीच खातो’ म्हणणाऱ्यांनाही सुटका नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या ग्रंथात सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुपारी मात्र टपरीवर राजरोस मिळते.

चाचणीचे म्हणाल, तर रक्तातले आरएनए मोजता येतात, पण रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी मायक्रोआरएनए-१६ आणि ४५१चे आकडे फुगतात; म्हणजे वाढलेला आकडा कर्करोगाचाच असेल असे नाही. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, यांसाठी आजही डॉक्टरांनी तोंड तपासणे आणि गरज पडल्यास बायोप्सी (तिथला छोटा तुकडा काढून तपासणे) करणे हाच मार्ग आहे.

राहिले औषध. कर्करोगावरचे मान्यताप्राप्त मायक्रोआरएनए औषध अजून नाही. मायक्रोआरएनए-३४ची नक्कल करणाऱ्या एमआरएक्स-३४ या औषधाची चाचणी प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.