फ्लिंटचं पाणी कोणी नासवलं? एका फॉरवर्डला उत्तर

‘शहरं का बुडतात’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो मावशीने पाठवला, खाली पुस्ती जोडून: ‘पटण्यासारखं आहे, वाच.’ मावशीची अख्खी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. दुकानातल्या बिलाची बेरीजसुद्धा ती पुन्हा करून बघते. तिलाही हे पटलं, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर असले मेसेज मी न वाचता उडवतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नगरपालिकेने गटारं, दिवे आणि कचरा एवढंच बघावं. फुकट बस, लोकांना विचारून बजेट, बेघरांना घरं, शहरापुरतं वेगळं किमान वेतन असली ‘पुरोगामी खुळं’ शिरली की पालिकेचं दिवाळं निघालंच म्हणून समजा. आणि पाणी तर कंपनीलाच द्यावं. का, तर अमेरिकेतलं फ्लिंट बघा, तिथे ‘लोकांनी निवडून दिलेल्या पालिकेने मुलांना शिसं पाजलं’.

हे शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं. मुलांना शिसं पाजलं गेलं हे खरं. पण ‘लोकांनी निवडून दिलेल्या पालिकेने’? फ्लिंट आर्थिक अडचणीत आहे म्हणून मिशिगन राज्य सरकारने २०११ मध्ये तिथे आपला आणीबाणी व्यवस्थापक बसवला होता. महापौर आणि नगरसेवक नावाला उरले. सह्यांचे अधिकार राज्याने नेमलेल्या त्या एका माणसाकडे. त्याला काम एकच, खर्च कापायचा. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारं सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं गेलं, ते पैसे वाचवायला. हे पाणी जास्त गंज चढवणारं. ते जुन्या शिशाच्या नळांतून सोडायचं, तर त्यात गंजरोधक रसायन मिसळावं लागतं. ते मिसळलंच नाही.

मग काय झालं? ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या तिथल्या इंजिनाच्या कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजायला लागले होते. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. घराघरांतल्या लोकांना मात्र पाणी सुरक्षित असल्याचंच सांगितलं जात होतं. आणि ज्यांच्यावर हा मेसेज खापर फोडतो त्या नगरसेवकांनी मार्च २०१५ मध्ये ७ विरुद्ध १ मतांनी ठराव केला, की आम्हाला डेट्रॉइटचं पाणी परत द्या. व्यवस्थापकाने तो खर्चाचं कारण देऊन फेटाळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं आकड्यांनिशी दाखवलं, तेव्हा कुठे सरकार हललं.

हे माझ्या पदरचं नाही. चौकशी समिती मिशिगनच्या गव्हर्नरनेच नेमली होती आणि तिचा अहवाल मार्च २०१६ मध्ये आला. त्यात मुख्य दोष राज्याच्या पर्यावरण खात्याला दिला आहे, आणि पाणी बदलण्याचा निर्णय निवडून आलेल्यांचा नव्हता, आणीबाणी व्यवस्थापकांचा होता, हेही नोंदवलं आहे. म्हणजे पुरोगामी धोरणाचा इथे संबंधच नाही. लोकांच्या हातून कारभार काढून तो ‘पालिकेने फक्त काटकसर करावी’ या विचाराच्या माणसाकडे दिला, तर काय होतं, त्याचं हे उदाहरण. मेसेज लिहिणाऱ्याने आपल्याच विरुद्धचा साक्षीदार आपल्या बाजूने उभा केलाय. आजारी पडलेल्या मुलांच्या नावाने हे करायचं, याला काय म्हणावं!

कंपनीला पाणी दिलं की स्वस्त आणि चोख? पॅरिसने १९८५ मध्ये नदीच्या दोन काठांचा पुरवठा दोन खासगी कंपन्यांना दिला होता. करार संपल्यावर २०१० मध्ये शहराने तो परत स्वतःकडे घेतला. पहिल्याच वर्षी सुमारे ३.५ कोटी युरो वाचले आणि २०११ मध्ये दर ८ टक्क्यांनी उतरवले. अमेरिकेतल्या अटलांटाने १९९९ मध्ये खासगी कंपनीशी २० वर्षांचा करार केला आणि २००३ मध्ये मोडला. लोकांच्या नळाला तांबूस पाणी येत होतं. सगळ्याच कंपन्या वाईट असतात असं मी म्हणत नाही, ढिसाळ सरकारी पाणीखातीही भरपूर असतात. पण मालकी कोणाचीही असो, करार आणि हिशेब नागरिकाला बघायला मिळतात का, हा खरा प्रश्न. बर्लिनमध्ये पाण्याचे गुप्त करार उघड करा यासाठी लोकांना २०११ मध्ये चक्क सार्वमत घ्यावं लागलं.

आता ‘गटारं बघा, दिवाळं निघणार नाही’. हे वाचून मात्र हसू आलं. अमेरिकेतली जेफरसन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०११ मध्ये ४ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज घेऊन दिवाळखोरीत गेली. कर्ज कशासाठी काढलं होतं? मुख्यतः गटारांसाठी! त्यावर व्याजदरांचे सट्टेबाज करार, त्यात लाचखोरी, आणि त्यापायी काही अधिकारी तुरुंगातही गेले. त्याआधी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातली सधन ऑरेंज काउंटी बुडाली, कारण तिच्या खजिनदाराने सार्वजनिक पैसा जोखमीच्या गुंतवणुकीत घालून सुमारे १.६ अब्ज डॉलर गमावले. दोन्हीकडे दिवाळं निघालं ते फुकट बसमुळे नव्हे, की बेघरांना घरं दिल्यामुळे नव्हे. मावशी, तू असतीस तर कोणत्या खात्यात बोट घातलं असतंस, ते तूच सांग.

फुकट बसबद्दल मेसेजमध्ये एक अर्धं खरं वाक्य आहे, आणि ते मान्य करणं भाग आहे: ‘तिकीट माफ केल्याने गाड्या कमी होत नाहीत.’ एस्टोनियातल्या टॅलिनने २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत केला, तेव्हा बसमध्ये आलेल्यांत आधी पायी जाणारेच पुष्कळ होते. मोटारवाले फारसे उतरले नाहीत. पण टॅलिनचं दिवाळं निघालं का? नाही. तिथे रहिवाशाच्या प्राप्तिकराचा वाटा त्याच्या पालिकेला मिळतो. मोफत प्रवासासाठी लोकांनी आपली नोंदणी शहरात केली आणि महसूल वाढला. फ्रान्समधल्या डंकर्कमध्ये तर तिकिटातून खर्चाचा जेमतेम दहावा भाग निघत होता. २०१८ मध्ये तिकीट काढून टाकलं आणि सोबत मार्गही नव्याने आखले, तर प्रवासी भराभर वाढले. म्हणजे आपल्याकडे तिकिटातून किती येतं, ते वसूल करायला किती जातं, आणि बस वेळेवर येते का, हे आधी पाहावं. जिथे तिकिटावरच निम्मा गाडा चालतो तिथे फुकटची घोषणा मीही करणार नाही.

‘लोकांना बजेट विचारलं तर ते शोभेच्या कमानीच मागतील.’ ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन विचारलं. लोकांनी मागितलं पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या. जागतिक बँकेच्या नोंदीनुसार अशा जोडण्या असलेली घरं १९८८ मधल्या ७५ टक्क्यांवरून १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. जागतिक बँक काही डाव्यांचा अड्डा नव्हे. पुढे सत्ता बदलली, सभांचं वजन घटलं आणि २०१७ मध्ये ही पद्धत स्थगितच झाली, हेही खरं. चांगली पद्धत राज्यकर्त्यांची मर्जी फिरली की मारता येते, एवढंच त्यातून कळतं.

बेघर आणि किमान वेतन यांवर मेसेजमध्ये मुद्दा कमी आणि शिव्या जास्त, म्हणून मीही आवरतं घेतो. ह्यूस्टनने आधी घर, मग बाकीचं, असं धोरण धरलं आणि २०११ नंतरच्या दशकात तिथले बेघर निम्म्याहून कमी झाले. सिएटलच्या १५ डॉलर वेतनाबाबत संशोधकांचंच एकमत नाही. एका विद्यापीठाच्या अभ्यासाला कामाचे तास घटलेले दिसले, दुसऱ्याला खाद्यगृहांतल्या नोकऱ्यांवर परिणाम दिसला नाही. त्यामुळे तिथे शंका घ्यायला जागा आहे, पण ‘दुकानं ओस पडली’ म्हणायला नाही.

शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलंय की असल्या धोरणांनी जगात ‘शेकडो शहरं’ बुडाली. एकाचंही नाव नाही, वर्ष नाही, मोजणी कोणी केली तेही नाही. ज्याने हे लिहिलं त्याने यादी द्यावी. एकेक नाव घेऊन तिच्यावरही बोलू.