अंड्यावर भांडता, कोंबड्याचं काय?

शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा विषय सोलापूरच्या आमच्या दहावीच्या ग्रुपवर निघाला, की मी इथं जर्मनीत, हॅनोव्हरात दात-ओठ खातो. 2023 च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला. दोन्ही वेळा रड एकच, अंडं शाकाहारी का मांसाहारी. एक म्हणतो, "फार्मच्या अंड्यात जीव नसतो बे." दुसऱ्याला संस्कार बुडाल्याचं दुःख. जीव नसतो हे खरंय, कारण फार्मवर कोंबडाच नसतो. तो गेला कुठं, हे मात्र कोणी विचारत नाही.

तो पहिल्याच दिवशी जातो. ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठीच्या जातीत, नर-मादी दोघंही पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतात, नर थोडा जास्तच, म्हणून दोघांनाही वाढवतात. अंड्याची जात निराळी. लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. तिचा भाऊ अंडं देत नाही, अंगावर मांस धरत नाही, दाणा मात्र खातो. मग हॅचरीत, म्हणजे अंडी उबवतात तिथं, पिल्लं निवडायची आणि नर मारून टाकायचे. लहानपणी मंगळवार बाजारातनं गुलाबी-हिरवी पिल्लं हट्टानं आणायचो, तीही बहुतेक यातलीच.

माझी आजी अक्कलकोटकडची. तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, राखायची, कोंबडा जावयाच्या ताटात. भेद तिथंही होता. पण एकाच जातीतनं अंडंही मिळायचं आणि रस्साही, त्यामुळं कोंबड्याला निदान काही महिने उकिरडा उकरायला मिळायचा.

इथं 1 जानेवारी 2022 पासून पिल्लं मारायला बंदी आहे. त्याआधी वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास मारत. आता पहिल्या बारा दिवसांत अंड्यातच नर ओळखून ती अंडी बाजूला काढतात, नाहीतर नराला ब्रुडरहान, म्हणजे 'भाऊ-कोंबडा', म्हणून वाढवतात. अंड्यांच्या डब्याला काही सेंट जास्त पडतात, लोक देतात. हे मी ग्रुपवर टाकलं, जरा ऐटीतच.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर असलेला मित्र म्हणाला, "तुझं बरंय बे. माझ्या पोरांना आठवड्याचं एक मिळंना, आणि तू कोंबड्याची जात काढतोस."

मला राग आला. पोरांना अंडं नको असं मी कुठं म्हणालो? द्या, दोन द्या. पण जीव-जीव करत भांडायचंच असेल तर पूर्ण हिशेब मांडा की! गंमत म्हणजे कँटीनमध्ये कोणी भारतातल्या क्रूरतेवर बोललं, की मीच उसळून विचारतो, तुमच्या बिस्किटांत जाणारं अंडं कुठल्या देशातनं येतं? बंदी फक्त इथल्या हॅचऱ्यांना आहे, बाहेरच्या अंड्यांना नाही. इकडं मी सोलापूरचा वकील, तिकडं जर्मनीचा. अशील दोन्हीकडं नाही.

मास्तरानं परवा विचारलं, दक्षिण सोलापूरच्या मतदार यादीत तुझं नाव आहे का अजून? मी बायो, म्हणजे सेंद्रिय, अंड्यांच्या डब्याचा फोटो टाकून विषय बदलला.