हीट पंपासाठी सगळ्या फ्लॅटच्या फरशा फोडाव्या लागत नाहीत

जर्मनीतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: अपार्टमेंटच्या बिल्डिंगला सामायिक हीट पंप घेऊ नका, तो कडक थंडीत चालत नाही, रेडिएटरवर चालत नाही म्हणून सगळे फ्लॅट रिकामे करून फरशा फोडून अंडरफ्लोअर हीटिंग (म्हणजे फरशीखालचे गरम पाण्याचे पाइप) घालावं लागतं, बिल तिप्पट होतं, रात्रभर आवाज येतो, आणि तसंही एका मालकाने नाही म्हटलं की विषय संपला. आमची बिल्डिंग १९७४ ची, बारा फ्लॅट, तळघरातला गॅस बॉयलर कधीही बंद पडेल अशा अवस्थेत, आणि गेली दोन वर्षं मी याच विषयाच्या मीटिंगांना बसतोय. त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

थंडीचं आधी उरकतो. फ्रिज जसा आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो तसाच हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, आणि उणे १० च्या हवेतही उचलण्यासारखी उष्णता असते, फक्त मेहनत जास्त पडते. नॉर्वेत साधारण ६० टक्के घरांत हीट पंप आहेत, बरेचसे एसीसारखे हवा गरम करणारे, पण तत्त्व तेच. तिथली थंडी आपल्यापेक्षा कमी आहे असं कोणी म्हणणार नाही.

आता फरशांचं, कारण लोक खरे घाबरतात ते याला. हीट पंपाला फरशीखालचे पाइप की रेडिएटर याचं काही पडलेलं नसतं, त्याला पडलेलं असतं ते पाणी किती गरम करून पाठवायचं याचं. अंडरफ्लोअरला साधारण ३५ अंशांचं पाणी पुरतं म्हणून पंप आरामात चालतो. पण रेडिएटरला ५० ते ५५ अंशांत भागत असेल तरी काम होतं. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने जुन्या घरांत बसवलेले पंप वर्षानुवर्षं मोजले आणि २०२० मध्ये आकडे दिले: हवेवर चालणारे सरासरी ३.१, जमिनीतून उष्णता घेणारे ४.१, म्हणजे एक युनिट विजेत तेवढी युनिटं उष्णता. ती घरं छोटी होती, आपल्यासारखी बारा फ्लॅटची नव्हती, हे मान्य, पण त्यात रेडिएटरवाली घरंही होती आणि ती नीट चालली.

आम्ही काय केलं ते सांगतो. जानेवारीत, बाहेर उणे ६ असताना, बॉयलरचं पाणी ७० वरून ५५ वर आणलं, सगळ्या रेडिएटरचे नॉब पूर्ण उघडे ठेवले आणि प्रत्येक खोलीत थर्मामीटर. तीन दिवसांनी बारापैकी दहा फ्लॅट २१ च्या आसपास. वरच्या मजल्यावरच्या आजींची कोपऱ्यातली बेडरूम मात्र १७ वर अडकली, आणि तळमजल्यावरची एक बाथरूम. म्हणजे दोन रेडिएटर मोठे बसवायचे, बस. बारा फ्लॅटच्या फरशा कुठून आल्या मध्येच?

अंडरफ्लोअर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट ज्याची फरशी तशीही बदलायची आहे त्याने घालूनच घ्यावं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी घातलं तेव्हा मी बघायला गेलो होतो. कोबा फोडत नाहीत, मशीनने त्यात बोटभर रुंदीच्या चरी कापतात, मशीनलाच व्हॅक्यूमचा जाड पाइप लावलेला त्यामुळे धूळ फार कमी, मग त्या चरींत पाइप गोगलगायीच्या शंखासारखा गोल गोल दाबत नेतात आणि वरून फरशी. खोली एका दिवसात कापून झाली. पण एक गोष्ट नक्की करा, सत्तरच्या दशकातल्या फरशांमध्ये आणि खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो तपासल्याशिवाय मशीन लावू देऊ नका.

बिल. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, वीज महाग आहेच. समजा वीज युनिटला ३० सेंट आणि गॅस ११ सेंट. बॉयलर दहा टक्के वाया घालवतो म्हणजे गॅसची उष्णता साधारण १२ सेंटला पडते, आणि पंपाने तिप्पट दिलं तर त्याची १० सेंटला. तिप्पट बिल कुठेच नाही. पण पंप २.४ वर घसरला तर गॅसपेक्षा महाग पडतो, म्हणूनच त्या ५५ अंशांच्या टेस्टवर मी एवढा अडून बसतो. शिवाय गॅसवरचा कार्बन कर २०२१ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५ युरो होता, २०२५ मध्ये ५५ झाला.

सबसिडीचा तर त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत पहिल्या फ्लॅटला ३०,००० युरो, दुसऱ्या ते सहाव्याला प्रत्येकी १५,०००, पुढच्या प्रत्येकाला ८,००० एवढा खर्च जास्तीत जास्त धरतात. बारा फ्लॅटचे १,५३,००० झाले, आणि मूळ ३० टक्के म्हणजे ४५,९०० युरोपर्यंत परत.

आवाजाला कायदा आहे, निव्वळ राहत्या वस्तीत रात्री शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर ३५ डेसिबलची मर्यादा, युनिट कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरतं. आणि एका मालकाच्या नकाराने अडतं हे जुनं झालं, डिसेंबर २०२० पासून अशा बदलाला साधं बहुमत पुरतं. खर्चाची वाटणी कशी होणार ते मात्र मतदानाआधी लिहून घ्या.

खरी अडचण गरम पाण्याची आहे आणि तिच्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. कोमट पाण्यात वाढणाऱ्या लेजिओनेला जंतूंमुळे मोठ्या सामायिक टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवावं लागतं, आणि पंपाला तेच जड जातं. उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटमध्ये छोटं युनिट जे नळ उघडल्यावर तिथल्या तिथे पाणी तापवतं, मग मोठ्या टाकीत नळाचं गरम पाणी साठवायलाच नको. आमच्याकडे जुन्या शाफ्टमध्ये त्याचे पाइप बसतात का हाच प्रश्न अडलाय, शनिवारी आम्ही तिघं टेप आणि टॉर्च घेऊन तळघरात उतरणार आहोत.