विमान उडते कसे, एवढे तरी लिहा

हवाई युद्धाचा एखादा गेम विकत घ्यायचा ठरवले की माझे डोके फिरते, आणि ते त्या गेमपेक्षा त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते वाचून जास्त फिरते. एकीकडे दहापैकी गुण देऊन मोकळे होणारे समीक्षक, दुसरीकडे अंगठा वर किंवा खाली करून मोकळे होणारे खेळाडू. दोघांनी मिळून शब्दांचा डोंगर रचलेला असतो. पण ब्रिटिश स्पिटफायर घट्ट वळणात किती वेग गमावते, जर्मन मेसरश्मिटचे इंजिन पूर्ण ताकदीवर किती वेळ दामटले तर तापते, आणि संगणकाच्या हातातले शत्रूचे विमान पाठलाग चुकवायला काही डोके लढवते की नुसते गोल गोल फिरत राहते, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे त्या डोंगरात शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातील विमाने उडवता यावीत एवढ्याचसाठी जो गेम लोक घेतात, त्याच्या परीक्षणात ढगांच्या सौंदर्यावर चार परिच्छेद आणि विमानावर दोन वाक्ये असावीत, याचा मला मनापासून संताप येतो.

यावर कोणीतरी हमखास सांगतो की, घेऊन बघा, नाही आवडला तर परत करा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून पैसे परत मिळतात हे खरे आहे. अट अशी की खरेदीला 14 दिवस झालेले नसावेत आणि एकूण खेळणे दोन तासांच्या आत असावे. बंदूक घेऊन धावण्याच्या गेमला दोन तास पुष्कळ झाले. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तेवढा वेळ जॉयस्टिकला कामे नेमून देण्यातच जातो: थ्रॉटल, रडर, ट्रिम, पंख्याच्या पात्यांचा कोन, रेडिएटरचे झाकण, इंधनाचे मिश्रण, चाके, फ्लॅप, प्रत्येक गोष्टीला वेगळे बटण किंवा वेगळा अक्ष द्यावा लागतो. मग धावपट्टीवरच विमान एका बाजूला ओढते, पंख जमिनीला घासतो, पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि पहिले उड्डाण धड पार पडण्याआधी परतीची मुदत संपलेली असते. म्हणजे माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांच्या लिखाणावर विसंबण्यावाचून गत्यंतर नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी लिहिणारे हात झटकतात.

याचा सर्वांत संतापजनक नमुना म्हणजे 31 मार्च 2011 रोजी युरोपात विक्रीला आलेला ‘इल-2 स्टर्मोविक: क्लिफ्स ऑफ डोव्हर’. ऑलेग मॅडॉक्स यांच्या चमूने 2001 मध्ये केलेल्या मूळ ‘इल-2 स्टर्मोविक’ने या प्रकाराचा दर्जाच उंचावला होता, त्यामुळे 1940 मध्ये ब्रिटनच्या आकाशात ब्रिटिश आणि जर्मन विमानांत झालेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’वर बेतलेल्या या नव्या गेमची लोकांनी कित्येक वर्षे वाट पाहिली होती. हातात आला तो अर्धवट माल. लंडनवरून कमी उंचीवर विमान नेले की चांगल्या चांगल्या संगणकांची दमछाक होऊन चित्र अडखळू लागे. भरीला भर म्हणून अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ नये यासाठी एक फिल्टर घातला होता, त्याने वेग आणखी खाली आला. तो बंद करण्याची सोय नंतरच्या पॅचमधून, म्हणजे विक्रीनंतर पाठवलेल्या दुरुस्तीतून, द्यावी लागली. समीक्षकांनी गेम झोडपला. योग्यच केले. पूर्ण पैसे घेऊन अपुरी वस्तू विकणाऱ्याला कोणतीही सवलत मिळता कामा नये, आणि ‘धीर धरा, पॅच येतील’ असे म्हणत वाचकांना गप्प बसवणाऱ्या निष्ठावंत खेळाडूंचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. दुकानदाराने शिवण उसवलेला सदरा पूर्ण किमतीला दिला तर आपण पुढच्या वर्षी टाके घालून मिळण्याची वाट पाहत बसत नाही.

पण चित्र अडखळते हे सांगून बहुतेक परीक्षणे तिथेच थांबली, याला माझा आक्षेप आहे. त्या अडखळणाऱ्या चित्रामागे जे विमान होते त्याचे काय? स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. विमानाचे नाक झटक्याने खाली दाबले की त्यातले इंधन जागेवरून हलायचे आणि इंजिन क्षणभर गुदमरायचे. मेसरश्मिट 109 च्या डाइमलर-बेंझ इंजिनात इंधन थेट फवारले जात असल्याने त्याला ही अडचण नव्हती, म्हणून जर्मन वैमानिक सरळ नाक खाली घालून निसटत, आणि ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटे करून मगच त्याच्या मागे झेपावावे लागे. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातील बिआट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने इंधनाच्या वाटेत बारीक छिद्राची चकती बसवून यावर इलाज शोधला तो 1941 मध्ये, म्हणजे लढाई सरल्यावर. आता हे गेममध्ये कसे घडते ते पाहा. मोठ्या कष्टाने 109 गनसाइटच्या वर्तुळात आलेले असते, आठ ब्राउनिंग मशीनगनांना मिळून जेमतेम पंधरा सेकंदांचा दारूगोळा असतो, तेवढ्यात ते विमान नाक खाली घालते, आपणही अधीरपणे काठी पुढे रेटतो, इंजिन खोकते, आवाज तुटतो, आणि जोर परत येईपर्यंत शत्रू पार खाली समुद्राच्या निळ्यात ठिपका होऊन गेलेला असतो. 1940 मधल्या वैमानिकाची नेमकी चडफड ती हीच. हे ज्या परीक्षणात नाही ते परीक्षण या गेमचे नाहीच. ते संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाचे आहे.

आणि जिथे गेम खरोखर चुकला होता तिथेही समीक्षकांचे लक्ष गेले नाही. 1940 च्या पूर्वार्धात फायटर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विभागाच्या, विमानांना 100 ऑक्टेनचे, जास्त दाब सोसणारे पेट्रोल मिळू लागले होते. त्यामुळे मर्लिन इंजिनावर सव्वासहाऐवजी बारा पौंडांचा बूस्ट, म्हणजे आत कोंबलेल्या हवेचा जादा दाब, देता येऊ लागला आणि कमी उंचीवर वेगात मोठा फरक पडला. गेममधील ब्रिटिश विमाने मात्र जुन्या 87 ऑक्टेनच्या हिशेबाने चालत होती. ही चूक धरली खेळाडूंनी. लोकांनी चाचण्यांचे अहवाल आणि तुकड्यांच्या नोंदी शोधून काढल्या, वेगाचे आलेख शेजारी शेजारी मांडले, निर्मात्यांच्या मागे लागले, आणि पुढे 100 ऑक्टेनवर चालणारी विमाने गेममध्ये आली. समीक्षा म्हणतात ती याला. हे काम पगार न घेणाऱ्या लोकांनी केले, आणि ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांनी लिहिले काय, तर हा गेम अवघड आहे आणि नवख्यांना जमणार नाही.

त्याहून चीड आणणारा शेरा म्हणजे ‘फार वेळ काहीच घडत नाही’. अरे, त्या लढाईत काय घडत होते याची थोडी तरी चौकशी करा! किनाऱ्यावरच्या रडारने हल्ला हेरल्यापासून लढाऊ विमाने वीस हजार फुटांवर पोहोचेपर्यंतचा काळ हाच त्या लढाईचा कणा होता. दोन मिनिटे उशीर झाला तर शत्रू डोक्यावर असे, आणि डोक्यावर असलेला शत्रू म्हणजे बहुधा मरण. पलीकडे मेसरश्मिट 109 जवळ लंडनवर लढण्यापुरते इंधन दहा-पंधरा मिनिटांचेच असे, त्यामुळे जर्मन वैमानिकाची नजर शत्रूइतकीच इंधनाच्या काट्यावर खिळलेली असे आणि परतताना खाली इंग्लिश खाडीचे पाणी दिसे. इंजिन न तापवता चढत राहणे, सूर्य पाठीशी ठेवणे, इंधन मोजणे, मान वळवून वळवून मागे पाहणे, हे सगळे ‘काहीच न घडणे’ आहे काय? त्या लढाईत फायटर कमांडचे 544 वैमानिक आणि विमान कर्मचारी मारले गेले. त्यातल्या अनेकांनी आपल्याला मारणारे विमान पाहिलेही नव्हते. दर तीस सेकंदांना स्फोट हवा असेल तर तसे गेम पुष्कळ आहेत, ते खुशाल खेळावेत, त्यांवर लिहावे. पण मोजमाप एकाचे आणि निकाल दुसऱ्याचा, असे करू नये.

खेळाडूंची बाजू घेतो आहे म्हणून त्यांना मोकळे सोडण्याचा माझा इरादा नाही. कागदपत्रे घेऊन भांडणारे थोडे, आणि आपल्या लाडक्या विमानासाठी गळा काढणारे फार. जर्मन विमाने उडवणाऱ्याला प्रत्येक पॅचनंतर वाटते की आपले 109 मुद्दाम दुबळे केले. ब्रिटिश विमाने उडवणाऱ्याला तोच पॅच स्पिटफायरविरुद्धचा कट वाटतो. दोघेही तावातावाने नकारात्मक अभिप्राय टाकतात, आणि दोघांपैकी एकही जण सांगत नाही की कोणत्या उंचीवर, किती इंधन भरून, कोणत्या वेगाला त्याला फरक जाणवला. हरलो म्हणजे गेम खोटा, जिंकलो म्हणजे गेम खरा, यापलीकडे त्या अभिप्रायात काही नसते. असले शेकडो अभिप्राय वाचून विकत घेणाऱ्याने काय समजायचे?

‘वॉर थंडर’ या ऑनलाइन युद्धाच्या गेमचेच उदाहरण घ्या. मे 2023 मध्ये या गेमच्या पैशांच्या व्यवहारावरून खेळाडूंचा भडका उडाला. विमान पडले की दुरुस्तीचा भुर्दंड, पुढचे विमान मिळवायला लागणारे अंतहीन तास, आणि ही दमछाक पैसे मोजून टाळता येते हे सतत समोर धरलेले गाजर. यामुळे स्टीमवर नकारात्मक अभिप्रायांचा पूर आला. राग रास्त होता. तो बनवणाऱ्या गायजिन कंपनीला त्यापुढे नमते घ्यावे लागले, बदलांचा आराखडा जाहीर करावा लागला आणि व्यवहाराचे नियम सैल करावे लागले. इतकी वर्षे शब्दांनी जे झाले नव्हते ते त्या पुराने झाले, हे मी मान्य करतो. पण दाद मागायला दुसरा दरवाजाच नसावा आणि त्यासाठी गिऱ्हाइकाला सल्ला देण्याची एकमेव जागा वापरावी लागावी, याचा दोष कंपनीचा आहे. त्या दिवसांत ते अभिप्राय वाचणाऱ्याला दुरुस्तीच्या खर्चाबद्दल सगळे कळले, विमानाबद्दल काहीही कळले नाही.

स्टीमच्या रचनेनेही यात हातभार लावला आहे. शिफारस करता की नाही, एवढे दोनच पर्याय, आणि त्यांची बेरीज करून एक शिक्का. 2017 मध्ये त्यांनी अभिप्रायांचा कालानुसार आलेख दाखवायला सुरुवात केली आणि 2019 मध्ये विषयाला सोडून झालेला भडिमार गुणांतून वगळण्याची पद्धत आणली, तरी मूळ दुखणे तसेच आहे. ‘वॉर थंडर’मध्ये आर्केड, रिअॅलिस्टिक आणि सिम्युलेटर अशा तीन वेगळ्या पद्धतींनी लढता येते. आर्केडमध्ये माउसने लक्ष्यावर बोट ठेवावे तसे विमान वळते. सिम्युलेटरमध्ये कॉकपिटच्या आतूनच पाहावे लागते आणि रडर विसरला की विमान गटांगळी खाते. हे जवळजवळ तीन निराळे गेम आहेत. अभिप्राय देणारा कोणता खेळला, माउसने खेळला की जॉयस्टिकने, हे दहा शब्दांत सांगता येते. ते सांगायचे कष्ट बहुतेक जण घेत नाहीत. मग एक म्हणतो विमाने खेळण्यातल्यासारखी आहेत, दुसरा म्हणतो विमान जमिनीवरून उठतच नाही, आणि दोन्ही विधाने एकाच शिक्क्याखाली मिसळली जातात.

आता ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’चे पुढे काय झाले ते सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे. अधिकृत पॅच 2012 मध्ये थांबले आणि निर्मात्यांनी हा गेम वाऱ्यावर सोडला. त्यानंतर ‘टीम फ्यूजन’ नावाने एकत्र आलेल्या हौशी खेळाडूंनी तो उचलला. आपापल्या नोकऱ्या सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे विमानांची उड्डाण-वैशिष्ट्ये सुधारली, इंजिने सुधारली, चित्राचे अडखळणे कमी केले. पुढे त्यांना मूळ संगणकीय संहिता अधिकृतपणे मिळाली आणि डिसेंबर 2017 मध्ये ‘ब्लिट्झ’ आवृत्ती आली, जुन्या खरेदीदारांना फुकट. 2020 मध्ये त्यांनी टोब्रुकच्या वाळवंटी लढाईची भर घातली. ज्या गेमला मोडका म्हणून फेकून दिले होते तो आज व्यवस्थित उडतो, आणि मर्लिन इंजिन नाक दाबल्यावर आजही गुदमरते.

2011 मध्ये तो गाडणाऱ्या समीक्षकांपैकी फार थोडे परत आले. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर तर नियमच असा आहे की प्रकाशनाने प्रथम दिलेले गुणच धरले जातात, नंतर बदलले तरी ते घेतले जात नाहीत. म्हणजे त्या मार्च-एप्रिलमध्ये घाईघाईने दिलेले गुण या नावाला कायमचे चिकटले. निर्मात्यांनी अर्धवट माल विकला त्याची शिक्षा त्यांना मिळायलाच हवी होती, पण ज्यांनी तो बिनपैशांनी दुरुस्त केला त्यांच्या कामाचा तुम्ही एक परिच्छेदही लिहिला नाही, आणि मी आज एखाद्या नव्या माणसाला हा गेम घे म्हटले की तो पहिल्यांदा तेच जुने गुण काढून माझ्यापुढे धरतो.