‘नेट दुप्पट फास्ट’ करणारा तो मेसेज नेट हळू करतो

“कॉम्प्युटरचं नेट पाच मिनिटांत दुप्पट फास्ट करा, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत” असा एक लांबलचक मेसेज लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाच्याने त्यातले सगळे उपाय केले, तेही वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’च्या सराव परीक्षा तोंडावर असताना. आता १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर त्याच्या प्रश्नपत्रिका रांगत उतरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“विंडोज २० टक्के स्पीड स्वतःसाठी राखून ठेवतं, जीपीएडिट (विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचं साधन) उघडून तो आकडा शून्य करा.” ही अफवा विंडोज एक्सपीच्या काळापासून चालू आहे आणि तेव्हाच ती खोडली गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्ट लेखात सरळ लिहिलंय की १०० टक्के बँडविड्थ सगळ्या प्रोग्रॅमना खुली असते. एखाद्या प्रोग्रॅमने खास प्राधान्य मागितलं तरच राखीव हिस्सा लागू होतो, आणि तो प्रोग्रॅम त्या क्षणी काही पाठवत नसेल तर तोही हिस्सा इतरांना मिळतो. एसटीत महिलांसाठी बाक राखीव असतो. बाई चढली नाही तर कोणीही बसतं, बाक रिकामा धावत नाही. २० टक्के हा राखून ठेवलेला स्पीड नव्हे, प्रोग्रॅमना जास्तीत जास्त किती राखता येईल याची ती मर्यादा होती. शिवाय विंडोजच्या होम आवृत्तीत जीपीएडिट नसतंच. म्हणून मेसेजसोबत एक फाइल येते, “ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा” या सूचनेसह. कोणी बनवली ते माहीत नसलेल्या फाइलला अख्ख्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या द्यायच्या, तेही नसलेल्या आजारासाठी?

आता खरं नुकसान करणारा मुद्दा. “काळ्या खिडकीत (म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये) ऑटोट्यूनिंग डिसेबलची कमांड टाका, स्पीड मोकळा होईल.” उलट ही कमांड स्पीडला गळफास लावते.

डाउनलोड चालू असताना तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला सांगत असतो, “पोच न मिळता एवढा डेटा पाठव, मग थांब.” या मापाला रिसीव्ह विंडो म्हणतात. टीसीपी म्हणजे नेटवर डेटा पाठवायची नेहमीची पद्धत. मूळ टीसीपीमध्ये या मापासाठी १६ बिटांचीच जागा आहे, म्हणजे फार तर ६५,५३५ बाइट. फास्ट लाइनला एवढं पुरत नाही, म्हणून १९९२ मध्ये माप वाढवायची सोय टीसीपीत आली, आणि विंडोज व्हिस्टापासून कॉम्प्युटर ते माप स्वतःच लाइनप्रमाणे वाढवू लागला. तेच ऑटोट्यूनिंग. ते बंद केलं की माप पुन्हा ६५,५३५ वर अडकतं.

हिशोब सोपा आहे. ६५,५३५ बाइट म्हणजे सुमारे ५.२४ लाख बिट. सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला ४० मिलिसेकंद लागत असतील तर एका कनेक्शनला १३ एमबीपीएसच्या वर स्पीड मिळूच शकत नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि २०० मिलिसेकंद लागत असतील तर २.६ एमबीपीएस. प्लॅन १०० चा असो की ३०० चा, आकडा हाच.

मग लोक “आमच्याकडे तर काही बिघडलं नाही” असं का म्हणतात? स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते, त्यामुळे आकडा पूर्ण दिसतो. क्रोममध्ये यूट्यूब बहुधा टीसीपीऐवजी क्विक नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर चालतं, त्याला या विंडोचा संबंध नाही. अडकतात ती साधी डाउनलोडं, अपडेट, दूरच्या सर्व्हरवरच्या मोठ्या फाइली. आणि कॉम्प्युटर बंद-चालू करून ही सेटिंग जात नाही.

हे नाइलाजाने मान्य करतो की व्हिस्टाच्या दिवसांत काही जुन्या राउटरांना वाढवलेलं माप कळायचं नाही आणि तेव्हा ही कमांड खरोखर उपयोगी पडायची. पण आजच्या फायबरच्या घरात ते दुखणं शोधण्यात अर्थ नाही.

कमांड टाकून झाली असेल तर परत फिरवा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: नेटएसएच इंट टीसीपी शो ग्लोबल (netsh int tcp show global). ‘रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हल’पुढे डिसेबल्ड दिसलं तर: नेटएसएच इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल (netsh int tcp set global autotuninglevel=normal). मग पुन्हा पहिली कमांड टाकून नॉर्मल झालंय ना बघा.

“फायरवॉल आणि अँटिव्हायरस बंद करा.” नका करू. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर ब्राउझर जड होतो हे खरं, तेव्हा एक ठेवा. फायरवॉल मात्र चालूच राहू द्या.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून ८.८.८.८ टाकलं तर पान उघडायची सुरुवात थोडी लवकर होऊ शकते, डाउनलोडचा स्पीड वाढत नाही. टेम्प फाइली उडवल्याने डिस्कवर जागा होते, बस.

एकच मुद्दा कामाचा निघाला. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन इथे इंटरनेटवरच्या इतर कॉम्प्युटरांना अपडेट वाटायचा पर्याय चालू असेल तर तुमचा अपलोड खर्च होतो. तो बंद करा.

मग नेट खरंच हळू असेल तर दोष शोधायचा कुठे? आधी राउटरच्या लॅन पोर्टला कॉम्प्युटर वायरने जोडा. वायरवर स्पीड पूर्ण आणि वायफायवर कमी, तर दोष वायफायचा: २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, राउटर कपाटातून बाहेर काढा. ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीपलीकडे लवकर दमतं, म्हणून लांबच्या खोलीत २.४ च, पण राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा.

वायरवरही १०० च्या पुढे जात नसेल आणि प्लॅन त्याहून मोठा असेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड (कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यातल्या वायरचा वेग) बघा. १००० ऐवजी १०० दिसत असेल तर बहुतेक केबलचा दोष. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही तारा लागतात, १०० ला चारच. जॅकमधली उरलेल्या चारांपैकी एक तार सुटली तर कनेक्शन बहुधा तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. जॅक कापून नवा क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा) किंवा कॅट ५ई ची तयार केबल लावा. राउटरचाच पोर्ट जुना १०० चा नाही ना, तेही बघून घ्या.

पत्र्याच्या खोलीत, वरच्या फळीवर राउटर असेल तर तो खाली आणा. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात परभणीला पारा बाहेरच अनेकदा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी नेट मरतं आणि रात्री सुधारतं, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

फायबरच्या डबीवर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा असेल तर घरात काहीच करू नका, लाइनमनला बोलवा. दिवा ठीक असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या खाली गेला तर पिवळी वायर कुठे चेमटली आहे का बघा. खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली असेल तर सैल करा.

आणि नेटवाल्याला फोन करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: वायरवरचा स्पीड सकाळी आणि रात्री ९ ला, राउटरचा पिंग (राउटरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), आरएक्स पॉवर. स्पीड रात्रीच पडत असेल तर गर्दी त्यांच्या लाइनवर आहे, दिवसभर पडत असेल तर जोड तपासायला लावा.